गाडी सापडते, मालक का सापडत नाही

देगलूर भागात नुकत्याच रुजू झालेल्या एका उपनिरीक्षकांनी विचारलं आहे: "नाकाबंदीत गांजाची गाडी सापडते. ड्रायव्हर-क्लीनर आत जातात. माल पाठवणारा आणि उतरवून घेणारा यांची नावं दोषारोपपत्रात 'फरार' म्हणून लागतात, ती तशीच राहतात. तेलंगणा-आंध्रचे पोलीस सहकार्य करत नाहीत. अशा वेळी आमच्यासारख्या खालच्या अधिकाऱ्याने करायचं तरी काय?"

माझी बहुतेक नोकरी नांदेड, लातूर आणि धाराशिव या जिल्ह्यांत झाली, त्यातला मोठा काळ स्थानिक गुन्हे शाखेत. हा प्रश्न मी फार जवळून पाहिला आहे, म्हणून उत्तर जरा लांबेल.

मालकाविरुद्धचा, म्हणजे माल पाठवणाऱ्या आणि उतरवून घेणाऱ्याविरुद्धचा, पुरावा तुमच्या हद्दीत नसतोच. तुमच्याकडे असतो तो माल, गाडी आणि ती चालवणारे. पैसे कुणी दिले, माल कुणी भरून दिला, पुढे कोण उतरवून घेणार होतं, हे सांगणारी प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कुठल्या तरी ठाण्याच्या हद्दीत असते आणि तिथे ती फार दिवस टिकत नाही. ती पुसली जायच्या आत हाती लागणं, एवढ्यासाठीच शेजारच्या पोलिसांची गरज आहे. सीमा बैठका आणि व्हॉट्सॲप गट यांचं मोल मी याच मापाने ठरवतो.

ड्रायव्हरने नाव सांगितलं, ते पुरे नाही का? नाही. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात कधीच चालत नव्हती. एनडीपीएस (अंमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम ६७ खाली घेतलेल्या जबाबांवर बरीच वर्षं प्रकरणं उभी राहत होती. २०२० साली तोफान सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीही वाट बंद केली. तरी आजही कित्येक दोषारोपपत्रांत मालकाविरुद्ध एकच ओळ असते: सहआरोपीने चौकशीत याचं नाव सांगितलं. एवढ्यावर कलम २९ चा कट सिद्ध होत नाही. असा माणूस महिनोन्‌महिने शोधून आणला तरी त्याचा वकील पहिल्याच तारखेला विचारतो, "याशिवाय काय आहे?" आणि आपल्याकडे काहीच नसतं. व्यावसायिक प्रमाणाच्या, म्हणजे मोठ्या साठ्याच्या, गुन्ह्यात जामिनाला कलम ३७ ची कडक अट आहे, तरी तो सुटतो. त्यात न्यायालयाचा दोष नाही.

मराठवाड्यात पकडला जाणारा मोठा गांजा बहुधा आंध्र-ओडिशा सीमेवरच्या डोंगरपट्ट्यातून येतो. ओडिशातले मलकानगिरी आणि कोरापुट, आंध्रातला पाडेरू-चिंतपल्लीचा भाग. हा भाग २०२२ पासून अल्लुरी सीताराम राजू जिल्ह्यात मोडतो. आंध्र पोलिसांनी २०२१ मध्ये 'ऑपरेशन परिवर्तन' राबवून हजारो एकरांवरची झाडं उपटून टाकली, पण सीमेपलीकडचा माल येतच राहिला. तो हैदराबादच्या बाह्यवळणापर्यंत येतो आणि तिथून फाटे फुटतात. एक संगारेड्डी-देगलूर-नांदेड-हिंगोली-अकोला असा राष्ट्रीय महामार्ग १६१. दुसरा जहीराबाद-हुमनाबाद-उमरगा-नळदुर्ग-सोलापूर असा ६५. तिसरा निर्मलवरून भोकरमार्गे नांदेडला येणारा. शिवाय विशाखापट्टणम आणि संबलपूरहून थेट नांदेडपर्यंत रेल्वेगाड्या आहेत. २०१९ पासून रेल्वे सुरक्षा दलालाही एनडीपीएसखाली झडती, जप्ती आणि अटकेचे अधिकार मिळाले आहेत, तेव्हा रेल्वेच्या बाबतीत त्यांना आणि लोहमार्ग पोलिसांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.

तुमच्या नाक्यावर थांबवलेली गाडी अशी कितीतरी टोलनाके, पंप आणि ढाबे ओलांडून आलेली असते. फास्टॅगच्या नोंदीवरून ती कुठे किती वाजता होती हे कळतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो फास्टॅग कोणत्या खात्यातून भरला जातो हेही कळतं. डिझेलचे पैसे ड्रायव्हर सहसा स्वतःचे घालत नाही. वाटेत कुणीतरी यूपीआयने पाठवलेले असतात. ज्या लॉजवर ते रात्री थांबले तिथल्या रजिस्टरमध्ये कधीकधी तिसऱ्याच माणसाचं आधार कार्ड सापडतं.

आणि पायलट गाडी! मोठ्या खेपेपुढे दोन-चार किलोमीटरवर एक साधी कार चालत असते. नाकाबंदी दिसली की ती मागच्याला फोन करते. मागची गाडी अडकली की पुढची शांतपणे निघून जाते. माझ्या अनुभवात मालकाचा खरा भरवशाचा माणूस त्या पुढच्या गाडीत असतो, ट्रकमध्ये नाही. म्हणून ट्रक सापडल्यावर मागच्या दोन-तीन टोलनाक्यांवरून ट्रकच्या आधीच्या पंधरा-वीस मिनिटांत गेलेल्या गाड्यांची यादी मागवा. जो नंबर प्रत्येक नाक्यावर ट्रकच्या थोडा पुढे दिसतो, तो तुमचा. हे नाके तेलंगणात किंवा कर्नाटकात असतात. तिथल्या ठाण्याच्या माणसाने त्याच दिवशी जाऊन सांगितलं तर फुटेज राहतं. तुमचं पत्र एसपी कार्यालय, आयजी कार्यालय, त्यांचं आयजी कार्यालय, त्यांचं एसपी कार्यालय असा प्रवास करून महिन्याने पोहोचलं, तर तोवर डीव्हीआरवर नवं चित्रण चढलेलं असतं. मोबाइल कंपन्यांना कॉलचे तपशील (सीडीआर) दोन वर्षं ठेवावे लागतात. ढाबेवाल्यावर असं काही बंधन नाही. म्हणून सीडीआरच्या मागे पहिल्या रात्री धावू नका, ते कुठे पळत नाहीत. कॅमेऱ्यांच्या मागे धावा.

इथे एक तांत्रिक गोष्ट आहे, ती चुकली की सगळं वाया. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा अंकी ठसा) नमूद करावी लागते. पलीकडच्या ठाण्यातला अंमलदार चांगल्या मनाने फुटेज मोबाइलवर पाठवून देतो, आपण आनंदाने ते जोडतो आणि न्यायालयात ते निकामी ठरतं. म्हणून फुटेज मागताना पेन ड्राइव्ह, प्रमाणपत्राचा नमुना आणि पंचनाम्याचा मसुदा सोबत पाठवा, शक्यतो आपला माणूसच पाठवा. पंपमालकाची सही तिथल्या तिथे झाली पाहिजे. सहा महिन्यांनी तो सही करत नाही, आणि का करावी त्याने?

आता "सहकार्य करत नाहीत" या तक्रारीकडे येतो. आपण मागतो काय ते पाहा. "सदर आरोपीचा शोध घेऊन अटक करणेस विनंती आहे." या वाक्यावर जगातला कुठलाही ठाणेदार हालचाल करणार नाही, कारण त्याच्याकडे त्याचे स्वतःचे गुन्हे आहेत. त्याऐवजी लिहा की अमुक नाक्यावरचं, अमुक लेनचं, रात्री दोन ते साडेतीनचं चित्रण पाहिजे. असं नेमकं मागणं अर्ध्या दिवसाचं काम असतं आणि ते होतं. शेजारच्या राज्यातल्या एका ठाण्याने मला एकदा अटकेच्या विनंतीवर महिनाभर उत्तर दिलं नव्हतं. त्याच ठाण्याच्या हवालदाराने लॉजचं रजिस्टर मात्र संध्याकाळपर्यंत ताब्यात घेऊन दिलं.

भाषेची गोष्टही लहान नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. देगलूर, धर्माबाद, किनवटकडच्या घराघरांत तेलुगू चालते, उदगीर-निलंग्याचे सोयरे बीदर जिल्ह्यात आहेत. आपल्याच दलात तेलुगू आणि कन्नड बोलणारे अंमलदार आहेत आणि त्यांना आपण बंदोबस्ताला लावतो. सीमेवरच्या प्रत्येक ठाण्यात असा एक माणूस तपासाच्या पथकात असलाच पाहिजे. साहेबांच्या इंग्रजी पत्राने न झालेलं काम त्याच्या एका फोनने होतं. पलीकडचा अंमलदार आपल्या भाषेत बोलणाऱ्याला नाही म्हणत नाही. आरोपीच्या मोबाइलमधले तेलुगू आवाजी संदेशही मग त्याच रात्री समजतात, दुभाष्याची वाट पाहावी लागत नाही.

राज्याबाहेरच्यांना बोल लावण्याआधी आपल्या घरातल्या भिंती पाहायला हव्यात. नांदेड परिक्षेत्रात नांदेड, परभणी, हिंगोली आणि लातूर येतात. धाराशिव, बीड, जालना आणि संभाजीनगर ग्रामीण दुसऱ्या परिक्षेत्रात. सोलापूर ग्रामीण तर कोल्हापूर परिक्षेत्रात. म्हणजे उमरग्याहून सोलापूरकडे निघालेली गाडी तासाभरात एका आयजींच्या क्षेत्रातून दुसऱ्यांच्या क्षेत्रात जाते, आणि निलंग्याहून उमरग्याला येतानाही तेच. तस्कराला या रेषा ठाऊक आहेत. माहिती शेजारच्या जिल्ह्याला दिली तर कारवाई त्यांच्या नावावर जाईल, म्हणून ती दाबून ठेवण्याची सवय मी फार जवळून पाहिली आहे. गाडी आपल्या हद्दीत येईपर्यंत थांबायचं, आणि नाही आली तर गप्प बसायचं. या सवयीने जितका माल पुढे गेला तितका कुठल्याही लाचेने गेला नसेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

यावर उपाय वरिष्ठांच्या हातात आहे, आणि तो खर्चिक नाही. ज्याने माहिती दिली त्या ठाण्याचं नाव प्रेस नोटमध्ये पहिल्या परिच्छेदात यावं आणि बक्षिसाच्या प्रस्तावात त्याचे अंमलदार असावेत, राज्य कोणतंही असो. तुम्ही उपनिरीक्षक म्हणून एवढं नक्की करू शकता: मसुदा तुमच्याच हातून जातो, त्यात ती नावं घाला. खबऱ्याची भीती असेल तर कायद्याने संरक्षण आहे. माहिती कुठून मिळाली हे सांगायला एनडीपीएसच्या कलम ६८ प्रमाणे अधिकाऱ्याला भाग पाडता येत नाही. गाडीचा नंबर आणि वेळ द्या, माणूस देऊ नका. मिळालेल्या माहितीची कलम ४२ प्रमाणे लेखी नोंद आणि ती वरिष्ठांना ७२ तासांच्या आत पाठवणं मात्र विसरू नका. दोन जिल्ह्यांच्या संयुक्त कारवाईत हीच नोंद "त्यांनी केली असेल" म्हणून राहून जाते. त्याचबरोबर कलम ५० ची अंगझडती, ५२अ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोर नमुने, ५७ चा अटक-जप्तीचा ४८ तासांतला अहवाल, हे कोण करणार ते गाडी थांबवण्याआधीच ठरलेलं असावं.

कधीकधी गाडी पकडूच नये, ती जिथे चालली आहे तिथपर्यंत जाऊ द्यावी आणि उतरवून घेणाऱ्यालाच धरावं, हा विचार तुमच्याही मनात आला असेल. विचार बरोबर आहे, पण तो स्वतःच्या जबाबदारीवर करू नका. नियंत्रित वाहतुकीची तरतूद कलम ५०अ मध्ये आहे आणि तो अधिकार नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोच्या महासंचालकांकडे किंवा त्यांनी अधिकृत केलेल्या अधिकाऱ्याकडे आहे. माहिती दोन दिवस आधी मिळाली असेल तर एसपी साहेबांमार्फत ब्युरोला कळवा. तेलंगणाने २०२३ मध्ये स्वतंत्र अंमली पदार्थविरोधी ब्युरो उभारला आणि त्याच वर्षी आपल्याकडे टास्क फोर्सची स्थापना झाली. आता बोलायला माणसं आहेत. दहा वर्षांपूर्वी हैदराबादला फोन कुणाला करायचा हेच कळत नसे.

इथवर गांजाबद्दल बोललो, कारण प्रश्न त्याचा होता. पण मला जास्त काळजी एमडीची, म्हणजे मेफेड्रोनची, आहे. त्याची दिशा उलटी आहे: गांजा बाहेरून येतो, एमडी इथेही बनतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये पैठण औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यावर छापा पडला. मेफेड्रोन आणि केटामाइन सापडलं, आणि एका आरोपीच्या घरातून २३ किलो कोकेन. हे काम महसूल गुप्तचर संचालनालयाने अहमदाबाद गुन्हे शाखेच्या साथीने केलं. एप्रिल २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या चाकूर तालुक्यात, रोहिणा गावात, याच संचालनालयाने ११ किलोहून जास्त एमडी पकडलं. अटक झालेल्यांत एक पोलीस कर्मचारीही होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत तामलवाडी पोलिसांनी तुळजापूरला येणाऱ्या एमडीच्या पुड्या पकडल्या आणि तपासाचा धागा मुंबईला पोहोचला. एमडी ५० ग्रॅमलाच व्यावसायिक प्रमाण ठरतं, गांजा २० किलोला. खिशात मावणाऱ्या मालासाठी नाकाबंदी फारशी कामाची नाही.

पैठणची माहिती अहमदाबादला होती आणि आपल्याला नव्हती, ही गोष्ट आजही मला सलते. गावच्या शिवारात रात्रंदिवस रसायनाचा वास येतो, शेडचं वीजबिल अचानक वाढतं, बाहेरगावचे तरुण येऊन राहतात, ड्रम उतरतात. हे तलाठ्याला, लाइनमनला, पोलीस पाटलाला आधी दिसतं. कारखान्यांची माहिती औद्योगिक विकास महामंडळाकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असते, रसायनांची बिलं जीएसटी कार्यालयाकडे. एमडीच्या बाबतीत शेजारच्या राज्याइतकंच या कार्यालयांशी बोलणं असायला हवं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची एनकॉर्डची (अंमली पदार्थविरोधी समन्वयाची) जिल्हा समिती याच कामाची आहे. चार स्तरांची ही रचना २०१९ पासून आहे. बैठकीत शाळा-महाविद्यालयांतल्या जनजागृती फेऱ्यांचा आढावा होतो, तो व्हावा. पण बंद पडलेल्या कोणत्या कारखान्याचं मीटर पुन्हा फिरू लागलं, हा प्रश्नही तिथे दर महिन्याला विचारला गेला पाहिजे.

संभाजीनगरात 'बटन' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांचं थोडक्यात सांगतो. तिथे बॅच नंबर हाच धागा. पाकिटावरचा बॅच नंबर घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकांमार्फत उत्पादक, ठोक विक्रेता, किरकोळ दुकान अशी साखळी मागे नेता येते, मग ते दुसऱ्या राज्यात असेना का. गोळ्या खाणाऱ्या पोरांवर सेवनाच्या कलम २७ चे गुन्हे दाखल करून संख्या फुगवण्याने ही साखळी हलत नाही. त्यातली बरीच पोरं आजारी आहेत. जो स्वतःहून उपचाराला तयार होतो त्याला खटल्यातून सूट देणाऱ्या कलम ६४अ चा आधार आहे आणि ते त्याला सांगणारा पहिला माणूस बहुधा पोलीसच असतो. सांगा.

पैशाचा तपास आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित आहे. कलम ६८फ प्रमाणे तपासी अधिकाऱ्याला तस्करीच्या पैशातून घेतलेली मालमत्ता गोठवता येते, आदेश सक्षम प्राधिकाऱ्याने ३० दिवसांत कायम केला पाहिजे. मालक हैदराबादला फ्लॅट घेतो, गावाकडे बायकोच्या नावावर जमीन घेतो, ट्रक भावाच्या नावावर असतो. जमिनीचे उतारे तेलंगणातल्या महसूल कार्यालयातून आणावे लागतात, म्हणजे पुन्हा तिथल्या पोलिसांची ओळख कामी येते. दोन वर्षं तुरुंगात काढायला हे लोक तयार असतात. फ्लॅटवर बंदी आली की मात्र त्यांचे निरोप येऊ लागतात.

पथक घेऊन परराज्यात जायची वेळ आली तर घाई करू नका. विशेष न्यायालयाचं वॉरंट खिशात ठेवा, पोहोचल्याबरोबर स्थानिक ठाण्याच्या डायरीत नोंद करा, आरोपीला आपल्याकडे आणण्यासाठी तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडून ट्रान्झिट रिमांड घ्या. डोंगरपट्ट्यात स्थानिक पोलिसांशिवाय गावात शिरू नका. माणसं तुमच्यावर चालून येतील आणि त्यात अंमलदार जखमी होतील. निघण्याआधी निदान पोर्टलवर नाव तपासा. अटक झालेल्या अंमली पदार्थ गुन्हेगारांची ही राष्ट्रीय नोंद २०२२ पासून आहे. तुमचा 'फरार' माणूस कधीकधी दुसऱ्याच गुन्ह्यात विशाखापट्टणमच्या तुरुंगात बसलेला असतो. मग पथक कशाला, त्याला तुरुंगातून आपल्या न्यायालयात आणवणारं प्रोडक्शन वॉरंट पुरतं.

देगलूर हे तर तीन राज्यांच्या तोंडावरचं ठाणं आहे. एका बाजूला कामारेड्डी जिल्ह्यातलं मदनूर, दुसऱ्या बाजूला बीदर जिल्ह्यातलं औराद. निवडणुकीच्या आचारसंहितेत या तिन्ही बाजूंचे अधिकारी रोज एकमेकांशी बोलतात, दारू आणि रोकड पकडतात, आणि निकालानंतर ते बोलणं थांबतं. ते थांबू देऊ नका. या महिन्यात तेलुगू येणारा एक आणि कन्नड येणारा एक अंमलदार घेऊन दोन्ही ठाण्यांना स्वतः जा. जाताना तुमच्या ठाण्यातल्या 'फरार' नावांची यादी न्या, त्यांची यादी मागा आणि दोन्ही शेजारी ठेवा. एखादं नाव किंवा मोबाइल नंबर दोन्हीकडे निघाला, तर त्या गुन्ह्याचा पुढील तपास करता येतो. दोषारोपपत्र गेलं असलं तरी पुरवणी देता येते. खटला सुरू झाला असेल तर न्यायालयाची परवानगी घ्यावी लागेल आणि नव्वद दिवसांत तपास संपवावा लागेल. मुदतवाढ हवी असेल तर ती न्यायालयाकडेच मागायची. जो गुन्हा अजून तपासावर आहे, त्यात व्यावसायिक प्रमाण असेल तर दोषारोपपत्राला १८० दिवस मिळतात. आज त्यातले किती उरलेत ते आधी पाहून घ्या आणि सुरुवात त्याच गुन्ह्यापासून करा.